उन्हाळ्यात टायरची हवा कमी करू नका : इलेक्ट्रिक गाडीबद्दलच्या एका संदेशाला उत्तर

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक संदेश जोरात फिरतो आहे. लोकमान्य नगरातून सुदामा नगरात, तिथून राजेंद्र नगरात, असा तो रोज कुणी ना कुणी पुढे पाठवतं. मजकूर थोडक्यात असा : "इलेक्ट्रिक स्कूटर आणि बाईकवाल्यांनो, सावधान. मालव्यात पारा 42 च्या वर गेला आहे. टायरमधली हवा तापून फुगते आणि टायर फुटतो, म्हणून हवा पाच-सात पॉइंट कमीच ठेवा. नायट्रोजन भरून घ्या, म्हणजे वर्षभर बघायला नको. ट्यूबलेसची हवा जात नाही. आकड्यांच्या नादी लागू नका, अंगठ्याने दाबलं की कळतं. रेंज कमी वाटली तर टायरवर छापलेल्या आकड्यापर्यंत हवा भरा."

पाठवणाऱ्यांच्या मनात काळजीच आहे, याबद्दल मला शंका नाही. पण यातला पहिलाच सल्ला ज्या अपघाताची भीती घालतो, तोच अपघात ओढवून आणणारा आहे. ही गाडी घेऊन कुणाची मुलगी क्लासला जाते, कुणाचे आजोबा भाजी आणायला जातात. त्यामुळे एकेक मुद्दा नीट पाहायला हवा.

हवा तापली की दाब वाढतो, इथपर्यंत संदेश बरोबर आहे. प्रश्न किती वाढतो, हा आहे. मे महिन्यात पहाटे 28 अंश असताना मागच्या टायरमध्ये 30 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप, बोलण्यातला 'पॉइंट' तो हाच) हवा आहे असं धरा. दुपारी ए. बी. रोडवरून फिरून आल्यावर टायरच्या आतली हवा 58 अंशांवर गेली, तरी हिशेबाने दाब 34 च्या थोडा वर जातो. म्हणजे तीस अंशांच्या वाढीला चार-साडेचार पीएसआय. धड स्थितीतला टायर याहून कितीतरी जास्त दाब सोसेल असाच बनवलेला असतो. शिवाय कंपनी गाडीच्या स्टिकरवर जो आकडा देते तो थंड टायरचा असतो आणि चालवताना होणारी वाढ त्यात गृहीत धरलेली असते. भारतात विकायच्या गाड्या इथल्याच रस्त्यांवर, इथल्याच उन्हात तपासल्या जातात. त्या कामासाठी बांधलेला नॅट्रॅक्स या वाहन-तपासणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा ट्रॅक तर आपल्या शेजारी पीथमपूरलाच आहे. उन्हाळा असतो हे टायर बनवणाऱ्यांना ठाऊक आहे.

मग उन्हाळ्यात टायर फुटतात ते का? बहुतेक वेळा हवा कमी असल्यामुळे. हवा कमी असली की चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. तार एकाच जागी वाकवत-सरळ करत राहिलं की ती जागा बोटाला चटका देते, तसंच रबर आणि त्यातले धागे आतून तापतात. बाहेर रस्ता तापलेला, वर दोन माणसं, त्यात उज्जैनचा सलग पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा प्रवास. अशा वेळी कमी हवेचा टायर पुरेशा हवेच्या टायरपेक्षा जास्त तापतो, त्याचे थर सुटू लागतात आणि तो फाटतो. म्हणजे संदेशातला उपाय रोगच वाढवतो.

आणखी एक हिशेब करून पाहा, कारण अनेक जण नेमकं हेच करतात. दुपारी गरम टायर तपासला, 34 दिसले, घाबरून हवा सोडली आणि 30 वर आणली. दुसऱ्या दिवशी पहाटे तोच टायर थंड झाल्यावर 26 दाखवेल. आता त्यातून संदेशाप्रमाणे आणखी पाच कमी केले तर उरले 21. ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या, टायरला इतक्या कमी हवेत खड्डा लागला तर रिमला थेट ठोकर बसते, आणि वळणावर टायरची कड रिमवरून सरकून सगळी हवा एका झटक्यात निघून जाऊ शकते. गरम टायरमधून हवा सोडायची नाही. हे एक वाक्य लक्षात ठेवलं तरी अर्धं काम होईल.

नायट्रोजनचा मुद्दा लवकर संपण्यासारखा आहे. आपण श्वासात घेतो त्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन टायरमधून किंचित सावकाश झिरपतो आणि त्यात ओलावा नसतो, हा फायदा खरा आहे. पण तापल्यावर त्याचाही दाब साधारण तितकाच वाढतो, आणि खिळा घुसला की तोही तसाच निघून जातो. नायट्रोजन भरल्यावरही तपासणी चुकत नाही. याला जोडून आणखी एक गैरसमज आहे, की नायट्रोजनच्या टायरमध्ये साधी हवा घालायची नसते. खुशाल घाला. नायट्रोजनवाला सापडेपर्यंत चार दिवस कमी हवेवर गाडी चालवणं जास्त वाईट.

ट्यूबलेसची हवा जात नाही, हे म्हणणं मात्र नीट उलगडायला हवं, कारण इलेक्ट्रिक गाडीवाल्यांची खरी अडचण इथे आहे. ट्यूबलेसमध्ये खिळा रुतला तरी हवा एकदम जात नाही, हळूहळू जाते. हा त्याचा मोठा गुण. पण हळूहळू गेलेली हवा ध्यानात येत नाही. काहीही बिघाड नसताना रबरातून आणि वॉल्व्हमधून महिन्याला एक-दोन पीएसआय झिरपणं नेहमीचं आहे. त्यात मालव्याची थंडी मिळवा. ऑक्टोबरात दुपारी 32 अंशांना 30 भरलेला टायर जानेवारीत पहाटे 10 अंशांना, एक थेंब हवा न गळता, 27 च्या आसपास येतो. झिरपलेली हवा त्यातून वजा केली की 23-24 वर गाडी चाललेली असते आणि घरात कुणाला पत्ता नसतो.

पेट्रोलच्या गाडीला आठवड्या-पंधरवड्याला पंपावर जावंच लागायचं. तिथे हवेची नळी समोर दिसायची, आणि "कितनी डालूँ, भैया?" विचारणारा पोरगा उभा असायचा. इलेक्ट्रिक गाडी घरच्या ओट्यावर चार्ज होते. इंजिन नाही, ऑइल नाही, म्हणून सर्व्हिसिंगलाही ती क्वचितच जाते. पंप सुटला आणि त्याच्याबरोबर हवा भरायची सवयही सुटली. मला तर वाटतं, या गाड्यांचे टायर लवकर झिजण्याचं आणि रिम वाकण्याचं एक मोठं कारण हेच असावं. त्यातून ज्या गाड्यांची मोटर मागच्या चाकातच बसवलेली असते, त्यांचं ते चाक मुळातच जड असतं आणि खड्ड्याचा मार जास्त खातं. तिथे हवा कमी असणं अजिबात परवडत नाही.

पुष्कळ जणांना, विशेषतः ताई-काकूंना, पेट्रोल न घेता पंपावर हवा मागायचा संकोच वाटतो. तो ठेवू नका. पेट्रोल पंपावर मोफत हवेची सोय ठेवणं तेल कंपन्यांच्या नियमांनुसार पंपचालकावर बंधनकारक आहे. गाडी विजेवर चालते म्हणून कुणी नकार देऊ शकत नाही.

अंगठ्याबद्दल काय सांगावं? सायकलच्या पातळ टायरला पूर्वी ते बऱ्यापैकी चालायचं. स्कूटरचा 10 किंवा 12 इंची टायर जाड आणि ताठ असतो. 22 आणि 30 मधला फरक अंगठ्याला कळत नाही, डोळ्यालाही कळत नाही. टायर बसलेला दिसू लागतो तोवर फार उशीर झालेला असतो. काही शे रुपयांत खिशात मावणारा गेज मिळतो. घरात दोन-तीन दुचाकी असतील तर सगळ्यांना एकच पुरतो.

शेवटचा दावा रेंजचा, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती लांब जाते त्याचा. कमी हवेमुळे रेंज घटते, हे खरंच आहे. गाडी आणि स्वार मिळून 185 किलो वजन धरलं आणि टायर फिरताना होणाऱ्या अडथळ्याचा गुणांक 0.015 घेतला, तर नुसतं चाक फिरवत ठेवायला किलोमीटरमागे साडेसात वॉट-अवरच्या आसपास वीज जाते. गाडी एकूण 30 वॉट-अवर खात असेल तर हा पाव हिस्सा झाला. तो वीस टक्क्यांनी वाढला, तर शंभर किलोमीटर जाणारी गाडी 95 वर थांबेल. तेव्हा बॅटरी बसली म्हणून सर्व्हिस सेंटरला धावण्याआधी टायर तपासावा, हे मी आग्रहाने सांगेन.

पण त्यावरचा संदेशातला उपाय चुकीचा आहे. टायरवर छापलेला आकडा कमाल वजनासाठीचा असतो, तुमच्या गाडीसाठीचा नसतो. तोच टायर वेगवेगळ्या वजनाच्या गाड्यांना बसतो. तुमच्या गाडीचा आकडा गाडीवरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतो. पुढचा वेगळा, मागचा वेगळा, आणि बऱ्याचदा मागे माणूस बसणार असेल तर आणखी वेगळा. त्यापेक्षा हवा जास्त भरली की टायर मधोमधच रस्त्याला टेकतो, पकड घटते, ब्रेकला अंतर जास्त लागतं. इलेक्ट्रिक गाडी थांबल्या जागेवरून एकदम जोर घेते, आणि बऱ्याच गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर सोडताच मोटर मागच्या चाकाला आवरते. पहिल्या पावसात राजवाड्याच्या गर्दीत हे दोन्ही धक्के तो चिमूटभर टेकलेला टायर कसा पेलणार? पाच किलोमीटरच्या रेंजसाठी ही जोखीम घेऊ नये. पेडलवाल्या ई-सायकलचं तेवढं वेगळं आहे. तिच्या टायरवर अनेकदा किमान आणि कमाल असे दोन आकडे असतात, त्यांच्या मधला आपल्या वजनाप्रमाणे निवडायचा.

आता तपासायचं कसं, ते सांगतो. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी गाडी काढण्याआधी, किंवा गाडी तीनेक तास सावलीत उभी राहिल्यावर. पंपापर्यंत जाताना टायर गरम होतो, मग थंड आकडा कसा साधायचा, असं पुष्कळ जण विचारतात. घरीच गेज लावून तूट पाहून ठेवा. 30 हवेत आणि 25 आहेत, म्हणजे तूट पाचाची. पंपावर टायर 27 दाखवो की 28, त्यात पाच वाढवून घ्या. मोटरवाल्या चाकात रिम आणि मोटर यांच्यामध्ये जागा कमी असते, नळीचं तोंड वॉल्व्हवर नीट बसत नाही आणि पोरगा "हो गया" म्हणून मोकळा होतो. त्यासाठी वाकड्या तोंडाचा छोटा जोड मिळतो, तो डिकीत ठेवावा. हवा भरल्यावर वॉल्व्हवर थेंबभर साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का बघा आणि टोपी घट्ट लावा. धुळीमुळे वॉल्व्ह गळू लागतो.

उन्हाळ्यात टायर फुटण्याची भीती वाटत असेल तर टायरचं वय बघा. साइडवॉलवर चार आकडे सापडतील. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. इतका जुना टायर, त्यात साइडवॉलला बारीक भेगा किंवा कुठे फुगवटा दिसत असेल, तर तो हवा कमी करून वाचणार नाही आणि नायट्रोजन भरूनही नाही. तो बदलूनच घ्या, आणि लांबच्या रस्त्यावर जायचं असेल तर त्याआधी घ्या.