ट्यूबलाइट फोडू नका, तो मेसेजही पुढे ढकलू नका

"नागपूरकरांनो, जागे व्हा" अशी सुरुवात असलेला एक मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ५० किलोमीटरचा नवा नियम आलाय, शेजारच्या वाडी, कामठी, हिंगण्याचा कचरा कारखान्यांच्या विषासकट भांडेवाडीच्या आपल्या कचरा डेपोत पुरणार, खर्च आपल्या घरटॅक्समधून, आणि घरातला धोकादायक कचरा वेगळा देऊन फायदा नाही, शेवटी सगळं एकत्रच होतं, तेव्हा ट्यूबलाइट फोडा, जुन्या गोळ्या जाळा नि मोकळे व्हा.

पारडीच्या मावशीनं तो मलाही पाठवला, तिथवर ठीक होतं. मग फोनवर म्हणाली, "कायले ठेवाच्या त्या नळ्या घरात? फोडून टाकल्या मी मागच्या अंगणात."

म्हणून आधी शेवटचाच मुद्दा घेतो. जुन्या ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. काही मिलिग्रॅमच, पण नळी फुटली की त्याची वाफ होते आणि ती थेट श्वासात जाते. मावशीनं अंगणात फोडल्या हे नशीब. बाथरूमचं दार लावून फोडणारेही असतील. चुकून फुटलीच तर खिडक्या उघडा, लेकरांना खोलीबाहेर काढा, झाडू अजिबात मारू नका. तुकडे पुठ्ठ्यानं गोळा करा, पांढरी भुकटी चिकटपट्टीनं टिपा, सगळं झाकणाच्या डब्यात बंद करा. एलईडीत पारा नसतो, पण म्हणून तीही फोडायची नसते बापा! आणि गोळ्यांच्या पट्ट्यांचं प्लास्टिक बहुतेकदा पीव्हीसी असतं. आंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीत त्या घातल्या की डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं त्याच धुरात येतात, जो चुलीपाशी बसलेली बाई ओढत असते.

"शेवटी एकत्रच होतं" हे मात्र, नाइलाजानं का होईना, अर्धं मान्य. वेगळा दिलेला कचरा गाडीत एकाच ढिगात पडताना आपण सगळ्यांनीच पाहिलाय. पण यावर उपाय काय, हे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीच सांगून ठेवलं होतं (२०२६ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले). रंगाचे आणि कीटकनाशकांचे डबे, सीएफएल, ट्यूब, मुदत संपलेली औषधं, फुटलेले थर्मामीटर, बॅटऱ्या, सुया हा घरगुती घातक कचरा. त्यासाठी दर २० चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र, त्याची वेळही जाहीर केलेली. नागपूर साधारण सव्वादोनशे चौरस किलोमीटरचं, म्हणजे बारा केंद्रं हवी होती. आपल्या भागातलं कुठं आहे, किती वाजता उघडतं, हे झोन ऑफिसात जाऊन विचारा. राग तिथं काढा, चुलीत नको.

५० किलोमीटरचा "नवा" नियम? तोही याच २०१६ च्या नियमांतला. आसपासच्या शहरांच्या गटासाठी एक सामाईक लँडफिल, म्हणजे कचरा पुरायची नीट बांधलेली जागा, व्हावी आणि खर्च सगळ्यांनी वाटून घ्यावा, एवढंच त्यात होतं. भांडेवाडीचं नाव त्यात शोधून दाखवा. लँडफिलमध्ये जायचं तेही फक्त ज्याचं खत होत नाही आणि ज्याचा पुनर्वापर होत नाही असं उरलंसुरलं. खाली अस्तर घालायचं, झिरपणारं काळं पाणी गोळा करून शुद्ध करायचं, वर्षानुवर्षं लक्ष ठेवायचं, हे एकट्यादुकट्या नगर परिषदेच्या आवाक्यातलं काम नाही. ते एकत्र येऊन झालं नाही, तर तोच कचरा नाल्याच्या काठी पेटतो आणि धूर येतो आपल्याकडेच.

कारखान्यांच्या विषाचं तर सरळच आहे. घातक कचऱ्याचे नियम वेगळे, जागा वेगळी. विदर्भातल्या कारखान्यांसाठी सामाईक प्रकल्प बुटीबोरीच्या एमआयडीसीत कधीपासून आहे. तळोजा, महापे, रांजणगावलाही असेच आहेत. घंटागाडीच्या कचऱ्यात ते मिसळायला कायद्यानं परवानगीच नाही. कुणी चोरून टाकत असेल तर तो गुन्हा, आणि त्याची तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करायची.

राहिला घरटॅक्स. खर्च वाटून घ्यायचा म्हणजे ज्याचा कचरा त्याचा वाटा. शिवाय "दुसऱ्यांची घाण आपल्या माथी" हे आपण नागपूरकरांनी कोणत्या तोंडानं म्हणावं? आपलं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि पुढं गोसेखुर्दच्या धरणात जातं. भंडाऱ्याकडच्या लोकांनी त्यावर मेसेज फिरवले, तर तेही एकदा वाचा.