विचारलं म्हणून खेकसायचं?

आज अंगणवाडीत लसीकरण होतं. शेजारची सून एकटी कशी जाईल म्हणून सोबत गेले. तिच्या पोरीची अडीच महिन्याची लस. नंबर आल्यावर तिने घाबरत घाबरत विचारलं, "ताई, मागला वखतले पोर रातभर रडनी. आज बी तशेच व्हई का?"

सिस्टरकडून उत्तर मिळालं, "टोचायचं नसेल तर घरी जा. उद्या काही झालं तर आमच्याकडे येऊ नका."

सगळ्या बायांसमोर! त्या सुनेचे डोळे भरले. मला माझी नऊ वर्षांपूर्वीची रात्र आठवली. माझी थोरली दीड महिन्याची होती. लस घेऊन आलो, संध्याकाळी अंग तव्यासारखं, मांडी सुजलेली. सासूबाई म्हणाल्या दृष्ट लागली, मीठ-मोहऱ्या उतरवल्या. शेवटी रात्री ११ वाजता मोटरसायकलवर अमळनेर गाठलं. डॉक्टर म्हणाले, "या लसीने ताप येतो, दोन दिवसांत जातो. सांगितलं नाही का कोणी?" नव्हतं सांगितलं. मी रस्ताभर पोर छातीशी धरून रडत होते ते एवढ्यासाठी!

घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ब प्रकारची कावीळ, सगळं अडवणारी सुई आहे ती. मी दोन्ही लेकरांच्या सगळ्या लसी घेतल्या, ती रात्र काढूनसुद्धा. मग आईने विचारलं की ती लगेच अडाणी आणि लसविरोधी कशी होते?

लस कोणती, कशासाठी. त्रास काय होईल, झाला तर काय करायचं. पुन्हा कधी यायचं. कार्ड जपून ठेवायचं. हे चार निरोप प्रत्येक आईला द्यायचे आणि लस दिल्यावर अर्धा तास थांबवून घ्यायचं, हे सिस्टरना प्रशिक्षणातच शिकवलेलं असतं. दोन मिनिटांचं काम.

हो, एका सिस्टरमागे चार-पाच गावं असतात, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवांना त्याही वैतागतात. कबूल. पण आमच्या आशाताई पोलिओच्या डोसाला दारोदार फिरायच्या, ओट्यावर बसून सासवांशी बोलायच्या. २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला तो अशा बायांमुळे. खेकसून नाही.

आज लस घेतलीच तिने. वाटेत मी सांगितलं: ताप येईल, अंगावर पाजत राहा, सुजेवर गार पाण्याची घडी ठेव, चोळू नको, तापाचं औषध डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. झटका आला किंवा तीन-तीन तास रडणं थांबलं नाही तर घरी बसू नको, मला हाक मार, कितीही वाजलेले असोत.

आता जाऊन आले. पोरीला ताप आहे, पण पिऊन झोपली. तिने कार्ड दाखवून विचारलं, "काकू, पुढली तारीख कोनती?"