आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

गेल्या महिन्यात भाच्याने एक व्हिडिओ पाठवला, सोबत एकच ओळ: "मामा, आता मागचे केस संपायची भीतीच नाही." तो 24 वर्षांचा आहे. कपाळ दोन्ही कोपऱ्यांतून वर सरकू लागलंय आणि पुढच्या वर्षी त्याचं लग्नाचं बघायचं अशी घरात बोलणी चालू आहेत. त्यानंतर तोच मजकूर मला आणखी तीन ग्रुपवर दिसला. दावा असा: हेअर ट्रान्सप्लांटच्या, म्हणजे डोक्यामागचे केस काढून पुढे लावण्याच्या, नव्या पद्धतीत केसाचं मूळ पूर्ण काढत नाहीत, त्याचा छोटासा भाग घेतात, पुढे नवा केस येतो आणि मागचाही पुन्हा उगवतो. म्हणून हवे तेवढे ग्राफ्ट (लावण्यासाठी काढलेले केसांचे पुंजके) घेता येतात, व्रण राहत नाही, आणि एकदा केलं की औषधांची गरज नाही.

मी स्वतः 2013 साली, 28व्या वर्षी, हेअर ट्रान्सप्लांट करून घेतलं आहे. मागून किती केस जातील आणि पुढे किती उरतील हे मी तेव्हा विचारलं नाही, मला कुणी सांगितलंही नाही. आज केस बारीक कापले की डोक्यामागे पांढरे ठिपके दिसतात. त्यामुळे असा मजकूर पुढे ढकलताना माणसं काय पणाला लावत आहेत ते मला ठाऊक आहे.

"मागचा केस पुन्हा उगवतो." आधी मुळात काय घडतं ते बघू. न्यूयॉर्कचे डॉक्टर नॉर्मन ओरेंट्राइख यांनी 1959 साली दाखवून दिलं की डोक्याच्या मागच्या-बाजूच्या भागातला केस टकलावर नेऊन लावला तरी आपला स्वभाव सोडत नाही, तो तिथेही वाढत राहतो. सगळी शस्त्रक्रिया या एका गोष्टीवर उभी आहे, आणि तिचा दुसरा अर्थ असा की इथे केस तयार होत नाही, त्याची फक्त जागा बदलते. आज सर्वांत जास्त चालते ती एफयूई पद्धत. तिच्यात 0.8 ते 1 मिलिमीटरच्या गोल पंचने, म्हणजे पोकळ पात्याने, एकेक पुंजका काढतात. पुंजक्यात एक ते चार केस असतात आणि तो मुळासकट निघतो. जिथून निघाला तिथे पुन्हा केस येत नाही, त्वचा भरून येते.

मग व्हिडिओत दहा-पंधरा दिवसांत मागची बाजू पुन्हा केसांनी झाकलेली कशी दिसते? शस्त्रक्रियेआधी मागचा भाग मशिनने अगदी बारीक कापलेला असतो. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. जे पुंजके काढलेच नाहीत ते वाढतात आणि मधल्या मोकळ्या जागा झाकतात. शस्त्रक्रियेच्या धक्क्याने गळलेले आजूबाजूचे काही केसही काही महिन्यांत परत येतात. बघणाऱ्याला वाटतं काढलेलेच उगवले. प्रत्यक्षात ते शेजारी आहेत.

"मुळाचा फक्त एक भाग घेतात." दाव्यातला हा एकच तुकडा पोकळ नाही, म्हणून इथे जरा थांबतो. केसाच्या मुळाला स्वतःची दुरुस्ती करता येते हे खरं आहे. रॉय ऑलिव्हर या संशोधकाने 1966 साली उंदराच्या मिशीच्या केसावर प्रयोग केले. मुळाचा खालचा एक तृतीयांश भाग कापून टाकला तरी मिशी परत उगवली, त्याहून जास्त कापला तर नाही. 1990 साली जॉर्ज कॉत्सारेलिस आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या त्वचेत दाखवलं की मूळपेशी (स्टेम सेल, ज्यांच्यापासून नव्या पेशी तयार होतात) मुळाच्या तळाशी नसून वरच्या बाजूला एका फुगीर भागात असतात. 1995 साली कोरियातल्या किम आणि चोई यांनी माणसाच्या डोक्यावरची मुळं कापून त्यांचे तुकडे लावून पाहिले. काही तुकड्यांतून केस आले, सगळ्यांतून नाही, आणि तुकडा किती मोठा उरला त्यावर निकाल ठरला.

याच धाग्यावर नेदरलँड्सचे डॉक्टर कोएन घो यांनी आपली पद्धत उभी केली. अगदी बारीक पोकळ सुईने मुळाचा उभा भाग काढायचा, बाकीचा जागेवर ठेवायचा, म्हणजे दोन्हीकडे केस येतील. 2010 साली त्यांनी त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि दोन्ही जागी केस टिकल्याचं लिहिलं. पण ते निकाल मोजक्या रुग्णांवरचे होते, आणि पद्धत शोधणारे, करणारे व निकाल मोजणारे एकाच बाजूचे होते. कुणाच्या प्रामाणिकपणावर मी शंका घेत नाही. पण शस्त्रक्रियेतली नवी गोष्ट पक्की व्हायची तर ज्यांचा तिच्यात काहीच लाभ नाही अशा हातांतून तोच निकाल पुन्हा यावा लागतो. एका मुळातून दोन मुळं खात्रीने मिळाली असती तर जगातल्या प्रत्येक केशरोपण करणाऱ्या डॉक्टरने दुसऱ्या दिवशी तीच पद्धत उचलली असती, कारण मागचा साठा अपुरा पडणं हीच या सगळ्यांची रोजची अडचण आहे. इतकी वर्षं झाली, बहुतेक सगळे अजून पूर्ण पुंजकाच काढतात.

इथे साधा हिशोब करून बघा. समजा शंभर मुळं अर्धी-अर्धी केली. पुढे साठ जगली आणि मागे चाळीस उगवली, तर एकूण केस शंभरच राहिले. कमाई शून्य, शिवाय अर्ध्या मुळातून आलेला केस बारीक निघण्याचा धोका अंगावर. फायदा झाला म्हणायला पुढची आणि मागची बेरीज शंभराच्या बरीच वर जायला हवी. ती गेली की नाही हे तपासणं अवघड मुळीच नाही. मागच्या भागात एक चौरस सेंटिमीटरचा चौकोन ठरवायचा, कोपऱ्यांवर टॅटूचे बारीक ठिपके द्यायचे, भिंगाच्या कॅमेऱ्याने आधीचे केस मोजायचे, किती पुंजके काढले ते लिहायचं, आणि वर्षभराने त्याच चौकोनात पुन्हा मोजायचं. पुढेही तसंच. ही मोजणी ज्याच्याकडे आहे त्याचं मी मन लावून ऐकेन. व्हायरल व्हिडिओत मात्र संगीत आहे, आधी-नंतरचे फोटो आहेत, हसरे चेहरे आहेत, आणि हा चौकोन कुठेच नाही.

"सफायर, पेन, रोबो यांमुळे डोनर वाचतो." डोनर म्हणजे मागचा भाग, जिथून केस घेतात. मूळ मजकुरात हे नव्हतं, पण त्याखालच्या प्रत्येक चर्चेत कुणी ना कुणी लिहितंच. सफायरचं (नीलम खड्याचं) पातं पुढे, जिथे केस लावायचे तिथे चिरा पाडायला वापरतात. मागच्या केसांशी त्याचा संबंध येत नाही. डीएचआय म्हणून जे विकतात त्यातला पेनसुद्धा ग्राफ्ट आत बसवायला असतो. रोबो पंच फिरवतो, 2011 साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, पण तोही पूर्ण पुंजकाच काढतो.

डोनर खरोखर वाचवणाऱ्या गोष्टी दिसायला साध्या आहेत. केस त्वचेखाली कोणत्या कोनात वळतो हे ओळखून पंच चालवला की मूळ मधोमध कापलं जात नाही. कापलेलं मूळ म्हणजे मागचंही गेलं आणि पुढचंही. काढलेला ग्राफ्ट कोरडा पडू न देणं, त्याला फार वेळ शरीराबाहेर न ठेवणं, चिमट्याने न चिरडणं. एकाच पट्ट्यातून ओरबाडण्याऐवजी सगळ्या सुरक्षित भागातून, म्हणजे जिथले केस सहसा गळत नाहीत तिथून, विरळ-विरळ घेणं. आणि हल्ली ज्याला लोक नाक मुरडतात ती जुनी पट्टीची पद्धत, एफयूटी, जिच्यात मागून त्वचेची एक पट्टी कापून तिच्यातले पुंजके वेगळे करतात: तिची एक रेघ राहते हे खरं, पण ती सर्वांत टिकाऊ मधल्या भागातून घेते आणि आजूबाजूचा भाग पुढच्या एफयूईसाठी शिल्लक ठेवते. ज्याला पुढे खूप ग्राफ्ट लागणार आहेत आणि मागचे केस थोडे लांब ठेवायची तयारी आहे, त्याच्यासाठी दोन्ही मिळून एकट्या एफयूईपेक्षा जास्त केस निघू शकतात. हे कुणी रीलमध्ये सांगत नाही, कारण यात नवं नाव नाही.

"हवे तेवढे ग्राफ्ट घेता येतात." या वाक्याने मला खरा राग येतो. डोक्याच्या मागे एका चौरस सेंटिमीटरमध्ये साधारण 65 ते 85 पुंजके असतात. सुरक्षित भागातून मागची बाजू उघडी न पाडता बहुतेकांना आयुष्यभरात 4,000 ते 7,000 ग्राफ्ट मिळतात, तेही टप्प्याटप्प्याने. आता दुसरी बाजू धरा. टक्कल पुढून मागपर्यंत पसरलं की उघडा भाग 200 चौरस सेंटिमीटरच्या आसपास जातो. तिथे मूळ दाटपणाच्या निम्मे, म्हणजे चौरस सेंटिमीटरला 35 जरी लावायचे म्हटले तरी 7,000 ग्राफ्ट लागतात. म्हणजे सगळी तिजोरी रिकामी करून हाती येणार निम्मा दाटपणा. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

24 वर्षांच्या मुलाचं टक्कल कुठवर जाणार हे आज कुणालाच माहीत नसतं. त्याने आज कपाळाची रेघ खाली आणायला 3,500 ग्राफ्ट खर्च केले आणि चाळिशीत टाळू उघडी पडली, तर पुढे दाट रेघ, मधे मोकळं मैदान आणि मागे काही शिल्लक नाही अशी गत होते. माझ्या बाबतीत याचीच एक छोटी आवृत्ती झाली आहे. (आणखी एक: केस आणि ग्राफ्ट हे दोन वेगळे आकडे आहेत. "पाच हजार" म्हणाले की पाच हजार काय, हे विचारून लिहून घ्या.)

"व्रण राहत नाही." राहतो. टाके नसतात एवढंच. प्रत्येक पंचचा एक बारीक गोल व्रण होतो आणि आपल्या सावळ्या त्वचेवर तो पांढरट उठून दिसू शकतो. केस थोडे लांब असतील तर झाकला जातो.

"औषधांची गरज नाही." लावलेले केस टिकतात, पण त्यांच्या आजूबाजूला जे आपले मूळ केस आहेत ते पूर्वीसारखेच गळत राहतात. मिनॉक्सिडिल 1988 पासून आणि गोळीच्या रूपातलं फिनास्टराइड 1997 पासून अमेरिकेत पुरुषांच्या टकलासाठी मान्य आहे. दोन्हींचे दुष्परिणाम आहेत. फिनास्टराइडने काहींना लैंगिक तक्रारी येतात, म्हणून ते त्वचारोगतज्ज्ञाशी मोकळेपणाने बोलून मगच घ्यायचं. पण औषधाने जागेवर टिकवलेला प्रत्येक केस म्हणजे मागच्या साठ्यातून खर्च न झालेला एक केस. डोनर वाचवण्याचं आज हातात असलेलं सर्वांत भरवशाचं तंत्र हेच आहे, आणि मजकूर नेमकं तेच सोडून द्यायला सांगतो.

राहिला "स्टेम सेल" हा शब्द, जो अशा प्रत्येक जाहिरातीत असतो. उंदराच्या केसाच्या मुळातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्यापासून केस उगवल्याचा प्रयोग 1984 साली झाला. माणसाच्या पेशी बशीत वाढवल्या की केस घडवण्याचा गुण गमावतात, आणि तो परत कसा आणायचा यावर आजही काम चालू आहे. ते यशस्वी झालं तर सर्वांत जास्त आनंद मला होईल. तोवर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2017ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताच्या काही आजारांतले मान्य उपचार सोडले तर मूळपेशींचा वापर रीतसर चाचणीबाहेर करता येत नाही. आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला 2022 साली हेअर ट्रान्सप्लांटसाठी असं लिहावं लागलं की यूट्यूबवर पाहून किंवा कार्यशाळेला बसून मिळालेलं प्रशिक्षण पुरेसं नाही. अशी सूचना काढायची वेळ का आली असेल, याचा विचार करा.

भाच्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं नाही. त्याला एवढंच म्हटलं की त्या क्लिनिकला मागच्या भागाची वर्षभरानंतरची मोजणी माग. त्याने मागितली. उत्तरात महिनाअखेरपर्यंतची सवलत आली. मग आम्ही दोघे एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी भिंगाचा कॅमेरा आधी पुढे नाही, मागे लावला. पडद्यावर जाड केसांच्या मधेमधे बारीक, दोऱ्यासारखे केस दिसत होते. काहींच्या बाबतीत मागचा भागही हळूहळू विरळ होत असतो, बाई म्हणाल्या, आणि असे केस पुढे नेऊन लावले तर ते तिथेही तसेच बारीक होत जातात. निदान एक वर्ष उपचार, दर चार महिन्यांनी त्याच जागेचा फोटो, शस्त्रक्रियेचं बोलणं त्यानंतर. भाचा बराच वेळ पडद्याकडे बघत बसला होता. पहिला फोटो फाइलला लावला आहे, पुढचा मार्चमध्ये.