हार्डडिस्क भरून घ्यायला जाताय? मग घाई नको

गणपतीत गावी जाताना चाकरमान्याच्या बॅगेत आरतीची पुस्तकं, अगरबत्त्या आणि एक टीबीची हार्डडिस्क असतेच. वाडीत कुणा ना कुणाच्या कम्प्युटरवर दशावताराची रेकॉर्डिंग्ज, डबलबारीच्या भजनांचे व्हिडिओ, चुलतबहिणीच्या लग्नाचे फोटो असा ठेवा साठलेला असतो. तो 'जरा मारून दे' म्हणत तुम्ही जाता आणि तिथेच मोठी चूक करायच्या बेतात असता. कॉपी तासाभरात आटोपली तर काय कराल? आंबोळ्या तव्यावर असतानाच उठावं लागेल. यजमानीणबाईंना काय वाटेल? तेव्हा कॉपी सावकाशच झाली पाहिजे, आणि ती व्हावी म्हणून थोडी तजवीज करावी लागते.

सगळ्यात आधी वायर. डिस्कसोबत मिळालेली, रुंद तोंडाची, मधे खाच असलेली वायर डोंबिवलीला टीव्हीमागेच राहू द्या. गावी पोचल्यावर कुणाच्या तरी जुन्या मोबाईलच्या चार्जरची वायर मागून घ्या. ती डिस्कच्या जोडतोंडाच्या मोठ्या अर्ध्या भागात अगदी फिट्ट बसते, डिस्कचा दिवा लागतो, कुणाला शंकाही येत नाही. फक्त 2008 साली आलेल्या यूएसबी 3.0 वर चालणारी तुमची डिस्क निमूटपणे 2000 सालच्या यूएसबी 2.0 वर येते. त्याचा वेग कागदावर सेकंदाला 480 मेगाबिट. मेगाबिट हं, मेगाबाईट नव्हे. एका बाईटचे आठ बिट, म्हणून आठाने भागलं की 60 मेगाबाईट उरतात आणि प्रत्यक्ष हातात पडतात पस्तीसेक. म्हणजे 500 जीबीला साधारण चार तास. योग्य वायर असती तर तीच आत तबकडी फिरणारी डिस्क सेकंदाला शंभराच्या वर गेली असती आणि सव्वा तासात तुम्ही रस्त्यावर. पावसात, उपाशीपोटी.

वायर चुकून बरोबर निघालीच तर घाबरू नका, पोर्ट आहे. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचं, काळ्या जिभेचं पोर्ट निवडा. मागे निळ्या जिभेचं, वेगवान असतं, पण त्यासाठी कॅबिनेट भिंतीपासून ओढावं लागतं आणि मागे पालीचा संसार असतो. (काही कंपन्या वेगवान पोर्टलाही निळा रंग देत नाहीत, त्यांना आपल्या पाहुणचाराची कदर दिसते.) पोर्ट कमी पडत असतील तर जुना हब, म्हणजे एका पोर्टाची चार करणारी डबी, लावा आणि त्याच हबवर माऊस, प्रिंटर, चार्जिंगचा मोबाईल, सगळी वस्ती बसवा.

आता फायली. फोटोंच्या हजारो फायली, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या 'शुभ सकाळ'सकट, सुट्ट्याच टाका. त्यांची एकच झिप करून नेण्याचा आगाऊपणा नको. सुट्ट्या असल्या की डिस्कला दर फायलीची वेगळी नोंद करावी लागते. तिचं हेड, म्हणजे लिहिणारं-वाचणारं टोक, नोंदवहीकडे जातं, परत येतं, पुन्हा जातं, आणि वेग दोन-चार एमबीवर येऊन टेकतो. त्यातच भजनांची दुसरी कॉपी लावून द्या. हेडला दोन्हीकडे धावावं लागतं आणि पडद्यावर '12 मिनिटे शिल्लक'चे '3 तास शिल्लक' होतात. अँटीव्हायरस चालू असेल तर असू दे, तोही बिचारा एकेक फाईल उघडून बघतो.

स्वस्तातल्या बऱ्याच डिस्क तर हे काम स्वतःहून करतात. त्यांत ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात; जुन्या माहितीवर नवी लिहायची तर शेजारचे कौलही काढून पुन्हा बसवावे लागते. सुरुवातीला गाडी जोरात धावते, मग डिस्कमधली राखीव जागा भरते आणि ती बसते. त्या वेळी 'डिस्कच भिकार' असं मोठ्याने म्हणायचं. वायरचं नाव काढायचं नाही.

आणि डिस्क फॅट 32 या फायली मांडायच्या जुन्या पद्धतीत फॉरमॅट केलेली असू द्या. तिच्यात 4 जीबीहून मोठी फाईल मावत नाही, आणि रात्रभर रंगलेल्या डबलबारीची फाईल हमखास त्याहून मोठी असते. तिला कॉपीच्या रांगेत शेवटी ठेवा. ही अडचण नसलेली एक्सफॅट पद्धत 2006 पासून आहे, पण तो विषय काढलात तर कुणीतरी उत्साहाने फॉरमॅट मारेल आणि कॉपी मारलेलंही जाईल.

घरात इन्व्हर्टर नसेल तर बाकीचं महावितरण आणि पाऊस बघतात. टक्के नव्वदीत आले की लाईट जाते. यजमान तोवर पान लावायला बसलेले असतात, ते मान वर न करता म्हणतात, "बस मरे, काय घाई आसा? आज जेवान हयच कर. ऱ्हवला तर शिमग्याक इलंस की मारूया."