नंबर लागला का?

आमच्या अण्णांची जन्मतारीख 1 जून. त्यांच्या धाकट्या भावाचीही 1 जून, तीन चुलतभावांची 1 जून आणि गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांची 1 जून. यात ग्रहांचा काही हात नाही. शाळेत नाव घालायला नेलं की गुरुजी पोराला म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर. बोटं कानाला लागली की पोरगं शाळेच्या वयाचं झालं. मग गुरुजी अंदाजानं साल टाकायचे आणि तारखेच्या जागी 1 जून लिहायचे. पाच मिनिटांत प्रवेश. पुढे अण्णा स्वतः जिल्हा परिषदेत गुरुजी झाले आणि जत तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर त्यांनीही अनेक जणांना 1 जूनला जन्माला घातलं.

माझ्या मुलाची जन्मतारीख मात्र अस्सल आहे, 29 डिसेंबर 2021. डॉक्टरांनी 6 जानेवारी सांगितली होती, चिरंजिवांनी घाई केली. त्या आठ दिवसांनी आमचं काय काय झालं ते सांगते.

आम्ही राहतो न्यूयॉर्कला, क्वीन्समध्ये. या शहरात चार वर्षांच्या मुलांना सरकारी प्री-के असतं, म्हणजे बालवाडी म्हणा. संपूर्ण फुकट, दिवसाला 6 तास 20 मिनिटं, दुपारच्या जेवणासकट. वय मोजायचं ते कॅलेंडरच्या वर्षावर. 2021 मध्ये जन्मलेली सगळी पोरं सप्टेंबर 2025 मध्ये प्री-केला. 1 जानेवारीला जन्मलेला दांडगा आणि आमचा 29 डिसेंबरचा शेंबडा, दोघं एकाच वर्गात. इकडे पाळणाघराला आम्ही महिन्याला 2,100 डॉलर मोजत होतो. म्हणजे आठ दिवस आधी येऊन पोरानं आमचे वर्षाचे पंचवीस हजार डॉलर वाचवले होते. एवढी कमाई आमच्या घराण्यात इतक्या लहान वयात कुणी केलेली नाही.

अण्णांना हे फोनवर सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता.

"फुकट?"

"हो."

"देणगी?"

"नाही."

"मग ती शाळा बरी नसणार," मागून आई म्हणाली.

आता खरी गोष्ट अशी की ही म्युनिसिपाल्टीचीच शाळा. पुण्यात असतो तर महापालिकेच्या शाळेसमोरून रोज गेलो असतो आणि मुलाला मात्र पिवळ्या बसमध्ये कोंबून पाऊण तासावरच्या कुठल्याशा 'इंटरनॅशनल'मध्ये धाडलं असतं. त्या शाळेत आंतरराष्ट्रीय काय, तर फी. इथे खरोखरच्या परदेशात आल्यावर मात्र आम्ही दोघं नवरा-बायको म्युनिसिपाल्टीच्या शाळेत नंबर लागावा म्हणून देव पाण्यात ठेवून बसलो होतो. शाळांना धड नावंसुद्धा नसतात. पीएस, म्हणजे पब्लिक स्कूल, आणि पुढे आकडा. नूतन, आदर्श, सरस्वती, काही नाही. अण्णांना मी घराजवळच्या शाळेचं नाव सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हा बसचा नंबर झाला. शाळेचं नाव सांग."

अर्ज ऑनलाइन, जानेवारी ते फेब्रुवारीअखेर. आधी येईल त्याला आधी जागा असा प्रकार नाही, शेवटच्या दिवशी भरला तरी तेवढाच मान. हे तिथे ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे. पण माझ्या नवऱ्याचं उभं तारुण्य तत्काळ तिकिटं काढण्यात गेलेलं. साइट उघडली त्या सकाळी तो दोन लॅपटॉप आणि एक फोन घेऊन बसला. अर्ज अर्ध्या तासात भरून होईना, कारण शाळा निवडायच्या होत्या. एक नाही, दोन नाही, बारापर्यंत. त्याही पसंतीच्या क्रमानं.

बारा शाळा आणायच्या कुठून? मग सुरू झाला बघण्याचा कार्यक्रम. एक पीएस घरापासून दोन चौक पुढे. एक प्री-के सेंटर, नुसती चार वर्षांची पोरं भरलेली अख्खी इमारत. दोन संस्थांच्या बालवाड्या, त्यातली एक चर्चच्या तळघरात. सगळीकडे आम्ही धुतलेले कपडे घालून गेलो, हसलो, प्रश्न विचारले. कुठेही मुलाला काही विचारलं नाही. मी त्याच्याकडून वीसपर्यंत आकडे घोटून घेतले होते, ते तसेच राहिले. शेवटी चौथ्या शाळेत मीच म्हटलं, "तो वीसपर्यंत मोजतो." बाई म्हणाल्या, "छान! पाण्यात खेळायला आवडतं का त्याला?" आवडतं हो, पण त्यासाठी पाच पिढ्या शिकलेलं घर कशाला लागतं?

मुलाला अजून शी-शूचं नीटसं सांगता येत नव्हतं, त्याची मला धाकधूक होती. तर नियम असा निघाला की तेवढ्या कारणावरून कुठलीही शाळा त्याला नाकारू शकत नाही. नियम करणाऱ्याच्या घरी नातवंडं असणार.

घरी नवऱ्यानं एक्सेल केलं. अंतर, बस, मैदान, संध्याकाळची सोय (शाळा 2:40 ला सुटते, कारण शहराच्या मते आईबाप 2:40 ला घरी असतात). मग त्यानं डोकं चालवलं. "पहिली सगळ्यांनाच हवी असणार. आपण तिला तिसरी लिहू, म्हणजे गर्दीत सापडणार नाही." मी म्हटलं, यात काहीतरी घोटाळा आहे. घोटाळा होताच, आणि तो शोधताना तो रात्री दोनपर्यंत वाचत बसला.

1962 साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी एक निबंध लिहिला. विषय, कॉलेजप्रवेश आणि टिकाऊ लग्नं. एका गावात इतकी मुलं, इतक्या मुली, प्रत्येकाची आपापली पसंतीची यादी. प्रत्येक मुलगा आपल्या पहिल्या पसंतीच्या दारात जातो. मुलगी आलेल्यांतला बरा तेवढा हाताशी धरून ठेवते, पक्कं काही सांगत नाही, बाकीच्यांना वाटेला लावते. नकार मिळालेले यादीतल्या पुढच्या दारी. तिथे आधीच्यापेक्षा बरा आला तर आधीचा बाहेर. असं करत सगळं थांबतं तेव्हा जी जोडपी उरतात त्यांत एकमेकांसाठी घर सोडून पळून जाईल असं कुणी उरत नाही. 2003 मध्ये अल्विन रॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या धर्तीवर न्यूयॉर्कच्या हायस्कूल प्रवेशाची घडी बसवली. 2012 मध्ये रॉथ आणि शॅप्लींना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मिरजेत आमच्या वाड्यात एक काकू अगदी हेच काम वहीत करायच्या. त्यांना लग्नात नारळ आणि ब्लाउजपीस मिळायचा.

तात्पर्य इतकंच, की यात शहाणपणा चालत नाही. जी मनापासून हवी ती पहिली लिहायची. खाली आणखी अकरा लिहिल्या म्हणून पहिलीचा रुसवा होत नाही. थोडक्यात, मुलाचं हे पहिलं स्थळ होतं आणि आम्ही वरपक्ष आहोत की वधूपक्ष हे कुणी सांगत नव्हतं.

एका शाळेला सारख्याच लायकीची पोरं जास्त झाली तर? तिथे नशीब. कॉम्प्युटर प्रत्येक मुलाला एक नंबर देतो. शेजारणीची मुलगी हायस्कूलसाठी अर्ज करत होती, तिचा नंबर तिनं दाखवला. नंबर कसला, बत्तीस अक्षरांची कुंडली. 0 ते 9 आकडे आणि मधूनमधून ए ते एफ अक्षरं. सुरुवात 0 नं झाली तर राजयोग, एफनं झाली तर साडेसाती. तिची एफनं झाली होती. ती तेरा-चौदा वर्षांची पोर शांतपणे म्हणाली, "आँटी, इट इज फाइन." मला रडू आलं.

नंबराच्या आधी लागतात नाती. त्या शाळेत मोठं भावंड असेल तर ते पुढे, मग त्या भागात राहणारे, मग बाकीचे. आईला हे कळल्यावर ती लगेच म्हणाली, "मी तेव्हापासून सांगतेय, दुसऱ्याचं बघा." नवऱ्यानं तिला समजावलं की दुसरं झालं तर फायदा त्याला मिळेल, याला नाही. "मग आधी दुसरं व्हायला हवं होतं," आई म्हणाली. यावर गेल-शॅप्लींकडेही उत्तर नसावं.

मग मे महिन्यापर्यंत मिरजेहून दर रविवारी एकच प्रश्न. "नंबर लागला का?"

अण्णांना हे प्रकरण पटतच नव्हतं. त्यांचा अनुभव बरोबर उलटा. जून उजाडला की ते सायकल काढायचे आणि वस्ती-वस्तीवर पोरं गोळा करत फिरायचे. कुणी मेंढरांमागे गेलेलं, कुणी ऊसतोडीहून परतलेलंच नाही. पट कमी झाला तर शिक्षक कमी, शिक्षक कमी तर पुढची बदली अण्णांची. "आम्ही पोरांच्या दारात जायचो," ते म्हणाले, "तुमच्याकडे पोरं शाळेच्या दारात. मास्तर सुखी असणार." मी त्यांना सांगितलं की 2014 मध्ये महापौर बिल डी ब्लासिओंनी ही योजना शहरभर नेली, तेव्हा पूर्ण दिवसाच्या जागा 20,000 च्या आसपासवरून एकदम 50,000 च्या वर गेल्या, आणि त्या भरायला शहराची माणसं फोन करत, दारं ठोठावत हिंडली होती. अण्णा एकदम खूश झाले. "बघ! पट भरायला हिंडावंच लागतं. सायकलवर?" मी हो म्हटलं. म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवा.

मे महिन्यात नंबर लागला. सातवा. चर्चचं तळघर. पहिल्या सहा ठिकाणी प्रतीक्षा यादी.

तळघर वाईट नव्हतं, पण तिथे जायला बस, आणि बसला मन मानेल तेव्हा यायची सवय. आम्ही ती जागा धरून ठेवली (हाताशी धरून ठेवणं, पक्कं न सांगणं, हे आता आम्हालाही जमायला लागलं होतं) आणि दोन चौकांवरच्या पीएसच्या यादीकडे डोळे लावून बसलो. तिथे आमचा क्रमांक 9. आठवड्यानं 7. आनंद. मग 10. हे कसं? तर कुणीतरी आमच्याहून हक्काचं मध्ये घुसलं. मुंबई-मिरज गाडीतसुद्धा वेटिंग लिस्ट उलटी जात नाही हो.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, आशा सोडल्यावर, साइटवर निरोप आला. जागा आहे, कागद घेऊन या.

कागद म्हणजे मुलाचा जन्मदाखला, लसींची नोंद, डॉक्टरांनी भरलेला फॉर्म आणि आम्ही इथेच राहतो याचे दोन पुरावे. घराचा करारनामा आणि विजेचं बिल घेऊन आम्ही गेलो. ऑफिसातल्या बाईंनी चष्मा नाकावर ओढला. बिल 60 दिवसांच्या आतलं लागतं. आमचं 64 दिवसांचं होतं, कारण नवऱ्यानं घाईत भलतंच छापून आणलेलं. करारनामा सांगत होता की आम्ही तिथे राहतो. बिल सांगत होतं की चार दिवसांपूर्वीपर्यंत राहत होतो. धावत जाऊन लायब्ररीतून नवं छापून आणलं.

मग नावं. मुलाचं मधलं नाव त्याच्या वडिलांचं, वडिलांचं मधलं नाव त्यांच्या वडिलांचं, माझं आडनाव माहेरचं. बाईंनी बोट ठेवून विचारलं, "हे मुलाचं नाव की वडिलांचं?" मी म्हटलं, "दोघांचं." "आणि हे?" "आजोबांचं." "तेही इथेच राहतात?" "नाही, ते फक्त नावात आहेत." बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पुढचं पान उलटलं. घरात कोणती भाषा बोलता? मराठी. त्यांनी टाइप केलं, कॉम्प्युटरनं परस्पर 'मॅरेथॉन' केलं. मी दुरुस्त करायला सांगणार होते, पण गेले आठ महिने आठवले आणि क्षणभर वाटलं, असू दे, बरोबरच आहे.

दुरुस्त केलं शेवटी.

शाळा सुरू झाली 4 सप्टेंबरला, गुरुवारी. गौरी जाऊन दोनच दिवस झाले होते. सकाळी 8:20 ची वेळ, म्हणजे मिरजेत संध्याकाळचे 5:50. आई-अण्णा व्हिडिओवर तयार बसलेले, अण्णांनी चक्क टोपी घातली होती. फाटकाबाहेर मी फोन चारी बाजूंनी फिरवून इमारत दाखवली.

"एका वर्गात किती पोरं?"

"अठरा."

"आणि मास्तर?"

"एक बाई, शिवाय एक मदतनीस."

अण्णा हसतच सुटले. त्यांच्या शाळेत चार यत्ता आणि ते एकटे. "जेवायला खिचडी देतात का?" आज पिझ्झा आहे म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, म्हणजे पसंत नाही, पण पाहुण्यांनी नावं ठेवू नयेत.

मग ते एकदम गुरुजींच्या आवाजात म्हणाले, "त्याला जरा समोर घे."

मी फोन चिरंजिवांसमोर धरला. पाठीवर त्याच्याहून मोठं दप्तर, डोळ्यांत पाणी येऊ की नको असं झालेलं.

"बाळा, उजवा हात डोक्यावरून ने बघू. हां. आता डावा कान धर."

त्यानं मान वाकडी केली, जीभ बाहेर काढली, दप्तरासकट एका बाजूला कलला. मागे रांगेतल्या बाया थांबून बघायला लागल्या. बोटं कानाच्या वर केसांत घुटमळली आणि तिथेच राहिली.

"दोन बोटं कमी आहे," अण्णा म्हणाले. मिरजेतही सगळे गप्प. इतके कागद, इतके शिक्के, आणि खऱ्या परीक्षेत पोरगं नापास झालं होतं.

फाटक उघडलं. बाईंनी हात पुढे केला, त्यानं तो धरला आणि मागे न बघता आत गेला.

"जाऊ दे," अण्णा म्हणाले, "पट कमी पडत असला की आम्हीसुद्धा घ्यायचो."