गाडी गेली हे लिहितात, कशी गेली ते कुणी लिहीत नाही

कोल्हापुरातली मोटारसायकल चोरीची कुठलीही बातमी काढा, मजकूर ठरलेला. दारात लावलेली गाडी अज्ञात चोरट्याने लंपास केली. फिर्यादीतही तेच, "माझे संमतीशिवाय, लबाडीच्या इराद्याने चोरून नेली." कायद्याला तेवढं पुरतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 ला हँडल लॉक लाथेनं तोडलं की झिजलेली चावी फिरवली, याच्याशी देणंघेणं नाही. ज्याला आज रात्री गाडी बाहेर लावायची आहे, त्याला मात्र आहे.

माझ्या मेव्हण्याची गाडी महाद्वार रोडजवळच्या बोळातून गेली. जागेवर इग्निशनच्या वायरींचा तुटलेला सॉकेट पडलेला, त्याला लाल वायरीचा तुकडा अजून लोंबत होता. रुमालात गुंडाळून ठाण्यात नेला. "राहू दे ते, चेसिस नंबर सांगा," म्हणाले. फिर्यादीत त्याचा शब्दही आला नाही. मला राग याचाच आहे. अशा फिर्यादींची बेरीज करून आकडे निघतील, चोरीची रीत कशी निघणार?

मग ती जागा फॉरवर्ड मेसेज भरून काढतात. पोलिसांचा लोगो लावून सल्ला फिरतो, "चावी फॉइलमध्ये गुंडाळा." अहो, तो उपाय कीलेस, म्हणजे चावी न घालता नुसती खिशात असली तरी उघडणाऱ्या मोटारींचा. त्यात चोर घरातल्या चावीचा सिग्नल यंत्रानं गाडीपर्यंत पोचवतात. आपल्या बहुतेक मोटारसायकलींच्या चावीत सिग्नल देणारी चिपच नसते! कीलेस मोटारीलाही फॉइल दरवेळी वाचवत नाही. लंडनमध्ये इयान टेबर या वाहन-सुरक्षा संशोधकाची टोयोटा आरएव्ही४ 2022 मध्ये गेली. आधी बंपर आणि हेडलाइटची मोडतोड झाली होती. त्या खुणांचा माग काढल्यावर कळलं, चोर हेडलाइटच्या वायरिंगमधून गाडीच्या अंतर्गत नेटवर्कमध्ये खोटे संदेश सोडतात. चावीचा संबंधच नाही. तिथं खुणा कुणीतरी नीट पाहिल्या म्हणून हे जगाला कळलं.

आपल्याकडं तर पुरावा आयता हातात येतो. पोलीस कष्टानं गाड्या पकडून आणतात, रांगेत लावून फोटो निघतो, आणि प्रत्येक गाडीचं कुलूप सांगत असतं ते कसं उघडलं. पंचनाम्यात दोन ओळी वाढल्या तर कुणाचं काय बिघडतं?

पत्रकार मित्रांनो, पुढची "इतक्या मोटारसायकली हस्तगत" अशी प्रेस नोट आली की एवढं विचाराच. कितींचं हँडल लॉक तुटलेलं, कितींच्या वायरी जोडलेल्या, आणि किती गाड्या नुसत्या दुसऱ्या चावीनं सुरू झाल्या?