कासव रडतं म्हणे!

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो व्हिडिओ परवा तिसऱ्यांदा आला. अंडी घालणारी कासवाची मादी, डोळ्यांतून ओघळणारं पाणी, मागे बासरी. खाली मजकूर असा, की पिल्लांचं तोंडही न बघता परत जावं लागतं म्हणून आई रडते आहे. पुढे असंही, की प्राण्यांना नाटक येत नाही, माहितीपटात दिसतं ते शंभर टक्के खरं असतं आणि कॅमेरावाले कधीच मध्ये पडत नाहीत. या वेळी तो आत्याने पाठवला, म्हणून लिहायला बसलो.

आधी ते पाणी. कोकणात आंजर्ल्याच्या पुळणीवर कासवमित्रांबरोबर मी ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी जवळून पाहिली आहे. डोळ्याच्या कडेने शेंबडासारखी चिकट धार येते आणि तिला वाळू डकलेली असते. खाऱ्या पाण्यात जगणाऱ्या जिवाला जादा मीठ बाहेर टाकावं लागतं, त्याच्या ग्रंथी डोळ्यांपाशी असतात. समुद्रातही हे चालूच असतं, तिथे दिसत नाही इतकंच. शंभर-सव्वाशे अंडी घालून झाली की मादी मागच्या पायांनी खड्डा बुजवते आणि अंगाचा भार डावीकडे-उजवीकडे टाकत वाळू चोपते, धप्प धप्प. बघताना हसू येतं. या चोपण्याचा व्हिडिओ मात्र मला कुणी पाठवलेला नाही. त्याखाली बासरी बसणार कशी?

प्राण्यांना नाटक येत नाही, कबूल. एडिटरला येतं. बीबीसीच्या 2016 च्या ‘प्लॅनेट अर्थ 2’ या माहितीपट मालिकेत सापांच्या तावडीतून निसटणारं इग्वानाचं, म्हणजे एका मोठ्या सरड्याचं, पिल्लू आपण सगळ्यांनी श्वास रोखून पाहिलं. तो पाठलाग एकाच पिल्लाचा नव्हता, वेगवेगळ्या पिल्लांची दृश्यं जोडलेली होती, हे पुढे निर्मात्यांनीच सांगितलं. याला मी फसवणूक म्हणणार नाही. साप खरे, उड्याही खऱ्या. पण ‘हा वाचतो की नाही’ म्हणून घशात जो आवंढा आला, तो कापाकापीच्या टेबलावर तयार झालेला. आवाजाचंही तेच. लांब पल्ल्याची लेन्स चित्र जवळ आणते, आवाज आणत नाही. पावलांची खसखस बऱ्याचदा नंतर स्टुडिओत भरतात.

शंभर टक्के खरं म्हणणाऱ्यांसाठी डिस्नेचा 1958 चा ‘व्हाइट विल्डरनेस’. त्यात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून उड्या टाकताना दिसतात. प्रत्यक्षात ते दुसरीकडून आणून माणसांनीच खाली लोटले होते. सिनेमाला ऑस्कर मिळालं, आणि लेमिंग सामूहिक आत्महत्या करतात ही समजूत अजून जिवंत आहे.

मध्ये न पडण्याचं म्हणाल, तर त्याच ‘प्लॅनेट अर्थ 2’मध्ये बार्बाडोसला शहराच्या दिव्यांनी भरकटलेली कासवाची पिल्लं आहेत. चित्रीकरण करणाऱ्यांनी सापडली तेवढी उचलून समुद्रात सोडली. बरंच केलं. आपल्याकडे कोकणात वेळासला 2002 पासून अंडी हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या कुंपण घातलेल्या जागेत, हलवून जपायला सुरुवात झाली. पिल्लं निघाली की टोपलीतून किनाऱ्यावर आणून सोडतात, माणसं दोरीमागे उभी. फोनवाला नेमकी दोरी आणि गर्दी चौकटीबाहेर ठेवतो. उरतं एकटं पिल्लू आणि अथांग समुद्र. म्हणजे हे कसब आता आपल्या सगळ्यांच्याच हाताला लागलंय.

आता आत्याचा मुद्दा, जो मला सगळ्यात अवघड वाटतो. ‘खोटं असेना का, लोकांना मुक्या जिवांची माया तर वाटते ना? बिघडलं कुठे?’

बिघडतं कोल्ह्याचं. कासवाला नायिका केलं की खलनायक लागतोच, आणि घरटं उकरणारा कोल्हा त्या जागी अगदी फिट बसतो. गेल्या हंगामात एका पाहुण्याने मला रागानेच विचारलं, “तुम्ही त्या कोल्ह्यांना मारत का नाही हो?” कॅमेरा कोल्हिणीच्या बिळाशी लावला असता तर हाच माणूस तिला अंडी मिळावीत म्हणून जीव मुठीत धरून बसला असता. आणि पूर्वी हीच अंडी आपल्याच किनाऱ्यावरची माणसं खायला आणि विकायला नेत होती, कोल्ह्याच्या कितीतरी पट. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकलेलं कासव श्वास घ्यायला वर येऊ शकत नाही, गुदमरून मरतं. ते पाण्याखाली घडतं, त्याला पाठलाग नाही, सुळे नाहीत, चेहरा नाही. त्या पाहुण्याला मी जाळ्याचं सांगायला लागलो, तेव्हा तो फोनमध्ये पिल्लाच्या व्हिडिओखाली गाणं निवडत होता.